दुसरा खर्डा हाती आला की...



आपल्या समाजाविषयी लिहिणारी तरुण मंडळी हल्ली बरीच दिसू लागली आहेत. कोणी आपल्या कीर्तनांवर प्रबंध लिहितो, कोणी मलिद्याच्या विधीवर, कोणी अलिबाग-पेणकडच्या गावांतून निघून अश्दोद, लोद, दिमोना येथे वसलेल्या कुटुंबांवर. काही आपल्या नातवंडांच्या वयाची असतात, काही तर खरोखरच आपली नातवंडे असतात. ही मुले घरी येतात, आपले बोलणे ध्वनिमुद्रित करतात, चहा पितात, आणि काही महिन्यांनी छापील पानांचा गठ्ठा पाठवून म्हणतात, "एवढे मराठी बघून द्या." आपण चष्मा लावून बसतो, चुका काढतो, गठ्ठा परत करतो. मग काही दिवसांनी दुसरा गठ्ठा येतो. तेच मथळे, तीच प्रकरणे, पण मधे कुठे कुठे काहीतरी बदललेले. काय बदलले, ते कोणी सांगत नाही.

या लेखात आम्ही एवढेच सांगणार आहोत की दोन खर्ड्यांमधला फरक दाखवण्याची सोय आज आहे, ती कशी चालते, तिच्या खुणा कशा वाचायच्या, आणि त्या खुणांच्या नजरेतून काय सुटते.

हे काम किरकोळ वाटेल, पण तसे ते नाही. प्रबंध इंग्रजीत किंवा हिब्रूत लिहिलेला असतो. तो तपासणाऱ्या प्राध्यापकांना बहुधा मराठी येत नाही, प्रकाशकाच्या संपादकालाही येत नाही. त्यातला मराठी शब्द, गावाचे नाव, आडनाव, विधीतला क्रम बरोबर आहे की नाही, हे पाहणारे शेवटचे डोळे आपलेच. एकदा पुस्तक छापले की पुढचे अभ्यासक त्यातूनच उतरवून घेतात. हाईम सॅम्युएल केहिमकर यांचा आपल्या समाजाचा इतिहास लिहून झाला १८९७ साली आणि तेल अवीवला छापला गेला १९३७ साली, म्हणजे चाळीस वर्षांनी. तोवर लेखक या जगात नव्हते. एखाद्या वाक्याविषयी शंका आली तर कोणाला विचारणार? आपण आज आहोत, आपल्याला विचारता येते. म्हणून तपासणी आजच नीट व्हायला हवी.

डोळ्यांना फरक का सापडत नाही

एक उदाहरण घेऊ. समजा पहिल्या खर्ड्यात वाक्य होते:

नवगावला जुने कबरस्तान आहे.

दुसऱ्या खर्ड्यात ते असे झाले:

नवगावला एक जुने कबरस्तान होते.

'एक' आल्याने काही बिघडले नाही. पण 'आहे'चे 'होते' झाले आणि आपल्या पूर्वजांच्या कबरी एका शब्दात नाहीशा झाल्या. नवगावला जाऊन आलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे की ते कबरस्तान तिथेच आहे, स्मारकस्तंभही उभा आहे. पण दोनशे पानांत हा एक शब्द सापडणार कसा? ज्याला मजकूर आधीच माहीत आहे, त्याचा डोळा वाचत नाही, ओळखतो. पहिल्या खर्ड्यात 'आहे' वाचलेले असते, म्हणून दुसऱ्यातही तो 'आहे'च वाचतो. वर्गात पाढे तपासताना आम्हा शिक्षकांना हा अनुभव नेहमी येई. चाळीस मुलांचे बरोबर पाढे पाहिल्यावर एकेचाळिसाव्याचा चुकीचा पाढाही बरोबरच दिसू लागतो.

दुसरी अडचण जुळणीची. शिशाच्या खिळ्यांच्या काळात एखादा शब्द बदलला तर जुळारी तेवढाच शब्द काढून दुसरा बसवी. बाकीच्या ओळी शक्यतो जागच्या जागी राहत. दोन मुद्रिते एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरली की फरकाची जागा दिसे. लायनोटाइप यंत्र आले तेव्हा पूर्ण ओळ एकसंध ओतली जाऊ लागली. एक अक्षर दुरुस्त करायचे तर सगळी ओळ पुन्हा ओतावी लागे, आणि जुनी चूक जाऊन त्याच ओळीत नवी चूक येऊ शके. म्हणून मुद्रितशोधक दुरुस्त झालेला शब्दच नव्हे, तर अख्खी ओळ पुन्हा वाचत.

संगणकावर तर परिच्छेदच्या परिच्छेद हलतो. वर एक 'एक' घातला की ओळीचा शेवटचा शब्द खाली उतरतो, तो पुढच्या ओळीतल्याला ढकलतो, आणि पुढची पानेही सरकतात. आता दोन पाने काचेवर धरून उपयोग नाही. अर्थाने बदललेली जागा एकच असते, पण नजरेला सगळेच पान बदललेले दिसते.

काढलेले दिसू द्यायचे, ही जुनी रीत

बदलाची खूण करण्याची गरज छपाईहून फार जुनी आहे. आपल्याकडच्या पोथ्या लिहिणारे लेखनिक शब्द राहून गेला तर ओळीत कावळ्याच्या पायासारखी खूण करून तो शब्द समासात लिहीत. या खुणेला काकपद किंवा हंसपद म्हणतात. चुकीचे अक्षर घालवायचे असेल तर त्यावर हरताळ नावाचे पिवळे द्रव्य लावीत. 'हरताळ फासणे' हा आपला वाक्प्रचार तिथूनच आला. पण हरताळाखाली काय होते, ते पुढच्या वाचकाला कळत नाही.

तोराच्या लेखनिकांनी दुसरी रीत ठेवली. तोराच्या गुंडाळीत दहा ठिकाणी अक्षरांवर टिंबे आहेत. त्यांतले एक ठिकाण आपल्याला चांगले परिचयाचे आहे: एसाव धावत येऊन याकोबाला मिठी मारतो आणि त्याचे चुंबन घेतो, त्या 'चुंबन घेतले' या शब्दाच्या प्रत्येक अक्षरावर टिंब आहे. या टिंबांविषयी एक परंपरागत कथा अशी की ती एज्रा लेखनिकाने दिली. एलियाहू हनाबी येऊन म्हणाले, "असे का लिहिलेस?" तर सांगता येईल, "मी आधीच टिंबे देऊन ठेवली आहेत." आणि ते म्हणाले, "बरोबर लिहिलेस," तर टिंबे काढून टाकता येतील. शंका असली तरी अक्षर खोडायचे नाही. खूण करून ठेवायची, निर्णय जाणत्यावर सोपवायचा. तनाखमध्ये जे लिहिले आहे ते 'कतीव' आणि जे वाचायचे ते 'क्रे', ही दोन्ही जपण्यामागेही हाच विचार आहे. ओळीतला शब्द तसाच राहतो, वाचायचा शब्द समासात येतो.

आपल्या पुण्यातही याच शिस्तीचे मोठे काम झाले. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले. ते १९६६ साली पुरे झाले. एक हजाराहून अधिक हस्तलिखिते ताडून पाहिली गेली. संपादकांनी जो पाठ स्वीकारला तो वर छापला, आणि नाकारलेले पाठ फेकून न देता खाली तळटीपांत दिले. जिथे स्वीकारलेल्या पाठाविषयी पुरती खात्री नव्हती, तिथे शब्दाखाली नागमोडी रेघ ओढली. ही नागमोडी रेघ लक्षात ठेवा, आज ती वेगळ्या अर्थाने आपल्या हाती येणार आहे.

यंत्र फरक कसे शोधते

विद्यापीठातली बरीच मुले, विशेषतः गणित, विज्ञान आणि भाषाशास्त्र शिकणारी, आपला प्रबंध लॅटेक नावाच्या पद्धतीने जुळवतात. तिचे मूळ म्हणजे अमेरिकेतले प्राध्यापक डोनाल्ड कनूथ यांची टेक ही जुळणीपद्धती. १९७७ साली त्यांच्या एका पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते आली. ती त्यांना इतकी कुरूप वाटली की त्यांनी स्वतःच जुळणीची नवी पद्धत तयार करायला घेतली. आपल्या पुस्तकात चूक दाखवणाऱ्याला २ डॉलर ५६ सेंटचा धनादेश देण्याची त्यांची २००८ पर्यंतची रीत प्रसिद्ध आहे. पुढे १९८० च्या दशकात लेस्ली लॅम्पोर्ट यांनी टेकवर आधारलेली, वापरायला सोपी अशी लॅटेक तयार केली. 'टेक'मधला शेवटचा उच्चार ग्रीक आहे, साधारण हिब्रूतल्या 'खाफ'सारखा, त्यामुळे येथे राहणाऱ्यांना तो अवघड जाऊ नये.

या पद्धतीत लेखक दोन वेगळ्या गोष्टी सांभाळतो. एक म्हणजे साधा मजकूर, त्यात 'येथे मथळा', 'येथे तळटीप' अशा सूचना लिहिलेल्या असतात. दुसरी म्हणजे त्या मजकुरावरून यंत्राने जुळवलेली सुबक पाने. ओळ कुठे मोडायची, पान कुठे संपवायचे, हे यंत्र ठरवते. म्हणूनच फरक शोधायचा तो जुळवलेल्या पानांत नव्हे, तर मूळ मजकुरात. तिथे ओळी सरकण्याचा घोटाळा आड येत नाही.

हे काम करणाऱ्या साधनाचे नाव लॅटेकडिफ. फ्रेडरिक टिलमन या भूकंपशास्त्रज्ञाने ते लिहिले आहे. त्याला जुना मजकूर आणि नवा मजकूर द्यायचा, ते तिसरा मजकूर तयार करते. तो नेहमीप्रमाणे जुळवला की खुणा केलेली प्रत मिळते.

ते चालते कसे? वर दिलेली दोन वाक्ये पुन्हा पाहा. यंत्र दोन्ही वाक्यांतले शब्द मण्यांसारखे ओळीने मांडते आणि दोहोंत त्याच क्रमाने येणारी जास्तीत जास्त लांब माळ शोधते. आपल्या वाक्यांत ती माळ तीन शब्दांची: नवगावला, जुने, कबरस्तान. हे शब्द कायम राहिले. जुन्या वाक्यात माळेबाहेर उरला 'आहे', म्हणून तो काढलेला. नव्यात उरले 'एक' आणि 'होते', म्हणून ते घातलेले. एवढाच हिशेब संपूर्ण प्रबंधावर करायचा. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९७० च्या दशकात या हिशेबाची एक चांगली रीत बसवली गेली. लॅटेकडिफ त्याच जातीचे आहे.

यंत्राला अर्थ कळत नाही, ही गोष्ट विसरू नये. 'एक' घालणे आणि 'आहे'चे 'होते' करणे हे दोन्ही बदल त्याच्या लेखी सारखेच. कोणता निरुपद्रवी आणि कोणता घातक, हे आपणच सांगायचे.

खुणांची प्रत कशी वाचावी

नेहमीच्या मांडणीत काढलेला मजकूर लाल रंगात, आडवी रेघ मारलेला असतो. घातलेला मजकूर निळ्या रंगात, खाली नागमोडी रेघ असलेला असतो. महाभारताच्या आवृत्तीत नागमोडी रेघ म्हणजे शंका, येथे नागमोडी रेघ म्हणजे नवे. काळे अक्षर म्हणजे जसेच्या तसे. जन्मभर लाल शाईने दुसऱ्यांच्या चुका दाखवणाऱ्या आम्हा शिक्षकांना पहिल्यांदा वाटते की लाल म्हणजे चूक. तसे नाही. लाल म्हणजे फक्त 'पूर्वी होते, आता नाही'. चूक निळ्यातही असू शकते, आणि पुष्कळदा तिथेच असते.

वाचताना तीन फेऱ्या कराव्यात. पहिल्या फेरीत फक्त लाल वाचावे: जे काढले, ते काढायला हवे होते का? आपण सांगितलेली एखादी आठवण, एखाद्या गावाचे नाव गळाले का? दुसऱ्या फेरीत फक्त निळे वाचावे: हे खरे आहे का, आपण असे म्हटले होते का? तिसऱ्या फेरीत लाल सोडून काळे आणि निळे सलग वाचावे, म्हणजे वाक्य शेवटी कसे झाले ते कळते. कित्येकदा प्रत्येक बदल वेगळा पाहिला तर ठीक असतो, पण सगळे मिळून वाक्य लंगडे होते.

एखादा परिच्छेद एका पानावर सगळा लाल आणि पुढे कुठे सगळा निळा दिसला, तर तो बहुधा फक्त हलवलेला असतो. यंत्राला 'हलवले' असे म्हणता येत नाही, ते 'येथून काढले, तिथे घातले' असेच दाखवते. मात्र हलवताना आत एखादा शब्दही बदलला असेल तर तो या रंगात लपतो. अशा वेळी लाल परिच्छेद कोणीतरी मोठ्याने वाचावा आणि दुसऱ्याने निळ्यावर बोट ठेवून ऐकावे. छापखान्यात असेच दोघे बसत. घरी नवरा-बायको किंवा शेजारी बसले तरी काम होते.

मराठी मजकुरात विशेष काय पाहावे

आपल्यातले पुष्कळजण शाळेत होतो तेव्हाच मराठीचे शुद्धलेखन बदलले. १९६२ च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले. आधी 'घरांत', 'आम्हीं', 'त्यांत' असे लिहीत, नंतर 'घरात', 'आम्ही', 'त्यात' झाले. आता समजा प्रबंधात पुण्याला १८७४ साली मराठी भाषांतरासह छापलेल्या हग्गादामधला उतारा दिला आहे. तो त्या काळच्या लेखनातच राहिला पाहिजे. मधल्या कोणी 'शुद्ध' करण्याच्या नादात अनुस्वार काढले, तर उतारा खोटा होतो. खुणांच्या प्रतीत असे दोन शब्द शेजारी शेजारी दिसतील, एक लाल, एक निळा, आणि दोन्ही सारखेच वाटतील. भिंग घ्या, टिंब शोधा. अनुस्वार अवतरणाच्या आत गेला असेल तर परत घालायला सांगा. लेखकाच्या स्वतःच्या वाक्यात गेला असेल तर आजच्या नियमाने ते बरोबर.

भिंगाखालीही दोन शब्द तंतोतंत सारखे दिसले तर घाबरू नका. 'सुऱ्या', 'वाऱ्यावर' यांतला अर्धा र संगणकात दोन निरनिराळ्या प्रकारे साठवता येतो. कागदावर आकृती एकच, यंत्राच्या पोटात फरक. 'हा कळफलकाचा फरक दिसतो' अशी नोंद करून पुढे जावे.

एका समजुतीच्या शब्दाऐवजी दुसरा येणे ही आणखी एक जागा. 'मलिदा' काढून 'प्रसाद' घातला, 'शनिवार तेली'तला 'शनिवार' गळाला, 'कीर्तन'चे 'भजन' झाले, तर संपादकाला वाचन सोपे झाल्यासारखे वाटेल, पण आपली गोष्ट दुसऱ्या कोणाची तरी होऊन बसेल. आडनावांतही पाहा: केहिमकर, नवगावकर, पेणकर यांत गाव बसलेले आहे. एक मात्रा हलली की गाव बदलते.

खुणांना जे दिसत नाही

यंत्रावर सगळा भार टाकू नये, त्याची कारणे आहेत. छायाचित्र बदलून दुसरे त्याच नावाने ठेवले, तर मूळ मजकुरात काहीच बदललेले नसते, म्हणून खूण उमटत नाही. आजोबांच्या लग्नाच्या फोटोच्या जागी दुसऱ्याच कुटुंबाचा फोटो आला तरी प्रत गप्प राहील. संदर्भसूची बहुधा वेगळ्या फाइलीत असते, तीही वेगळी ताडून पाहावी लागते. कोष्टकांत आणि गणिती सूत्रांत खुणा कधी अर्धवट पडतात. आणि सर्वांत महत्त्वाचे: यंत्र आपण दिलेल्या दोन खर्ड्यांतलाच फरक दाखवते. दुसरा आणि तिसरा ताडला, पण पहिल्या आणि दुसऱ्याच्या मधे झालेला बदल कोणी पाहिलाच नाही, तर तो काळ्या अक्षरांत निवांत बसून राहतो.

काय मागावे

म्हणून आपल्याकडे दुसरा खर्डा घेऊन कोणी आले, तर पुढील गोष्टी निःसंकोच मागाव्यात.

१. दोन प्रती: एक स्वच्छ, एक खुणांची. खुणांची प्रत रंगीत छापलेली असावी.

२. खुणांच्या प्रतीवर कोणत्या तारखेचे कोणते दोन खर्डे ताडले, ते लिहिलेले असावे. एक खर्डा आपण शेवटचा तपासलेलाच हवा.

३. समासात ओळींचे क्रमांक. पाने सरकतात, पण 'खुणांच्या प्रतीत पान ४०, ओळ १२' असे म्हटले की गोंधळ होत नाही.

४. अक्षर मोठे. यात लाजण्यासारखे काही नाही.

५. बदललेल्या छायाचित्रांची आणि संदर्भांची वेगळी यादी.

आपला पहिला तपासलेला गठ्ठा परत देण्याआधी त्याची झेरॉक्स काढून तारीख घालून जपून ठेवावी. आपली उत्तरे फोनवर तोंडी न देता कागदावर लिहावीत, किंवा नातवंडांकडून पानाचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवावीत, म्हणजे आपण काय सांगितले याचीही नोंद राहते.

प्रबंध लॅटेकमध्ये नसून वर्डमध्ये असेल तर तिथेही ही सोय आहे. हिब्रू वर्डमध्ये तिला 'मआकाव आखार शिनुयीम' म्हणतात. फक्त ती लिहायला बसण्याआधी चालू करावी लागते. विसरली तरी वर्डला दोन फाइली देऊन नंतरही ताडता येतात. तेव्हा 'आता काही करता येणार नाही' असे कोणी म्हटले तर ते मान्य करू नये.

मुले खुणांची प्रत देत नाहीत ती बहुधा आपल्याला त्रास होऊ नये म्हणून. लाल-निळ्या रेघांनी भरलेले पान पाहून आजी-आजोबा गांगरतील, असे त्यांना वाटते. त्यांना सांगावे की बाळांनो, स्वच्छ पान दिसायला छान असते, पण तपासायला आम्हाला खुणांचेच द्या.